पगार वाढतो, पण हातात कमी येते : इन्चार्जपद घ्यावे का?

प्रश्न : मी ३६ वर्षांची परिचारिका आहे. जीएनएम ही परिचर्येची पदविका झाल्यावर गेली बारा वर्षे नागपुरातल्या एकाच खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून काम करते आहे. रुग्णालय १२५ खाटांचे आहे. माझा वॉर्ड २४ खाटांचा असून त्यात आम्ही अकरा जणी आहोत. माझा ठरलेला पगार १८,९०० रुपये आहे, त्यात मूळ पगार १३,०००. रात्रपाळीच्या भत्त्याचे साधारण १,२०० आणि महिन्याला सहा डबल ड्युट्या होतात त्यांचे, एकीला ४५० प्रमाणे, २,७०० रुपये वर मिळतात. आता मॅट्रन मॅडमनी, म्हणजे आमच्या परिचारिकांच्या प्रमुखांनी, वॉर्ड इन्चार्ज होण्याबद्दल विचारले आहे. मूळ पगार आहे तोच राहील आणि ३,२०० रुपये इन्चार्ज भत्ता मिळेल. मात्र नाईट नाही, डबल ड्युटीचे पैसेही नाहीत. घरी मधुमेह आणि किडनीचा आजार असलेली आई माझ्यावरच अवलंबून आहे, तिची औषधे कामगार विमा रुग्णालयातून मिळतात. मुलगा नववीत आहे. मैत्रिणी आत्तापासूनच मला थट्टेने ‘मॅडम’ म्हणू लागल्या आहेत. होकार द्यावा का?
— एक परिचारिका, नागपूर

उत्तर : ताई, तुम्ही आकडे स्वच्छ मांडले आहेत, म्हणून आधी त्यांचीच बेरीज करू. आज तुम्हाला १८,९००, १,२०० आणि २,७०० असे मिळून २२,८०० रुपये मिळतात. इन्चार्ज झाल्यावर १८,९०० अधिक ३,२०० म्हणजे २२,१०० मिळतील. पदोन्नतीच्या पत्रावर ३,२०० रुपयांची वाढ दिसेल आणि महिनाअखेरीस ७०० रुपये कमी येतील. कामाचे तास मोजले तर या व्यवहाराला अगदीच तोट्याचा म्हणता येणार नाही, कारण रात्री आणि सहा डबल ड्युट्या वाचतात. पण त्या खरोखर वाचतील का, हाच या प्रकरणातला कळीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर तुमच्या वॉर्डाच्या ड्युटी लिस्टमध्ये आहे.

ती लिस्ट उद्यापासून तुम्हालाच लावायची आहे, तेव्हा आजच लावून पाहा. एका परिचारिकेकडे सहा रुग्ण धरले तर २४ खाटांना प्रत्येक पाळीत चौघी लागतात, तीन पाळ्यांत बारा आणि आठवड्याच्या चौऱ्याऐंशी ड्युट्या. एका आठवडी सुटीनंतर प्रत्येकीच्या सहा ड्युट्या म्हटल्या तर अकरा जणींच्या सहासष्टच होतात. म्हणजे कोणी एक दिवसही रजा घेतली नाही तरी आठवड्याला अठरा ड्युट्या उघड्या पडतात. रात्री दोघींवर भागवले तरी सत्तर ड्युट्या लागतात आणि त्याही पुऱ्या होत नाहीत. तुमच्या महिन्याच्या सहा डबल ड्युट्या या खड्ड्यातूनच येतात. रजा न धरता चौदा जणी लागतात, आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे ३० टक्के रजा-राखीव, म्हणजे रजेवरच्यांच्या जागी लागणाऱ्या जादा परिचारिका, धरली तर हा आकडा अठरापर्यंत जातो. आता या अकरांतून तुम्ही इन्चार्जच्या टेबलाशी गेलात आणि तुमच्या जागी नवीन मुलगी आली नाही, तर दहा जणी उरतील. खड्डा आणखी खोल होईल आणि तो बुजवण्याची जबाबदारी मात्र तुमची असेल. मे महिन्यात लग्नसराई आणि शाळांच्या सुट्ट्या एकत्र येतात, त्यातच उन्हाने आडवे झालेले रुग्ण भरती होतात. महालक्ष्म्यांचे तीन दिवस प्रत्येकीला घरी हवे असतात, दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणाऱ्या मुलींची रजा नाकारणे शोभत नाही, नाताळात केरळच्या मुलींना गावी जायचे असते. अशा दिवशी दोघींचे फोन सकाळी साडेसहाला आले की इन्चार्ज स्वतःच वॉर्डात उतरते, आणि त्या दिवसाचे ४५० रुपयेदेखील तिला मिळत नाहीत. म्हणून माझ्या मते तुमचा मॅट्रन मॅडमना पहिला प्रश्न पगाराचा नसावा. माझी रिकामी होणारी जागा कोण आणि कधी भरणार, असा असावा.

पगाराकडे वळण्यापूर्वी एक गैरसमज दूर करतो, कारण तुमच्या पत्रात तो ओळींमध्ये दडलेला आहे. इन्चार्ज झाल्याने पगारात मोठी उडी बसते, अशी आपली समजूत असते. ती सरकारी रुग्णालयातही खरी नाही. मिहानमधल्या एम्ससारख्या केंद्रीय संस्थेत नर्सिंग ऑफिसरची सुरुवात सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल ७ मध्ये, म्हणजे ४४,९०० रुपयांच्या मूळ वेतनावर होते. सीनियर नर्सिंग ऑफिसरची लेव्हल ८ ही ४७,६०० पासून सुरू होते. सुरुवातीच्या आकड्यांतले अंतर अवघे २,७०० रुपयांचे आहे. प्रत्यक्षात तर ५३,६०० वर असलेल्या नर्सला पदोन्नती मिळाली की आधी तिच्याच लेव्हलमधली एक वेतनवाढ देतात, ते ५५,२०० होते, आणि हाच आकडा लेव्हल ८ मध्येही असल्यामुळे तिथेच तिचे वेतन निश्चित होते. मूळ वेतनातला फायदा १,६०० रुपयांचा, त्यावरचा महागाई भत्ता अर्थात वेगळा. नर्सिंग भत्ता दोघींना सारखाच मिळतो. दहा वर्षे पदोन्नतीविना गेल्यामुळे जिला आश्वासित प्रगती योजनेखाली लेव्हल ८ आधीच मिळालेली आहे, तिला पुढे त्याच लेव्हलची खरी पदोन्नती मिळाली तरी वेतनात काहीच भर पडत नाही. फक्त किल्ल्यांचा जुडगा हाती येतो. स्टाफ आणि इन्चार्ज यांच्यातला फरक कुठेही इतकाच असतो. खरी दरी आहे ती तुमच्या रुग्णालयात आणि सरकारी रुग्णालयात.

ही दरी किती, ते सांगितलेच पाहिजे. राज्य शासनाच्या सेवेत, आपल्या नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत, नियमित अधिपरिचारिकेचे, म्हणजे सरकारी स्टाफ नर्सचे, मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. खासगी रुग्णालयातल्या परिचारिकांच्या वेतनाबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये दिलेल्या निर्देशांनंतर केंद्र सरकारने समिती नेमली. त्या समितीने सुचवले की दोनशेपेक्षा अधिक खाटांच्या रुग्णालयात परिचारिकेला राज्य सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे. शंभरपेक्षा अधिक खाटा असतील तर ते फार तर १० टक्क्यांनी कमी असावे. पन्नास ते शंभर खाटांना २५ टक्क्यांपर्यंत कमी चालेल. आणि पन्नासच्या आतल्या रुग्णालयानेही २०,००० रुपयांखाली जाऊ नये. तुमच्या १२५ खाटांच्या रुग्णालयाला या हिशेबाने निव्वळ सुरुवातीलाच ३१,८६० रुपये द्यावे लागले असते. तुम्ही बारा वर्षांनंतर १८,९०० वर आहात, म्हणजे सर्वांत लहान रुग्णालयासाठी २०१६ साली सुचवलेल्या किमान रकमेच्याही खाली. या शिफारशी होत्या, अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली होती आणि त्या पाळल्या नाहीत म्हणून उद्या कोणी तुमच्या व्यवस्थापनाला दंड करणार नाही, हे मी जाणतो. तरीही बोलणी करताना हा आकडा तुमच्या मनात पक्का असू द्या, म्हणजे ३,२०० रुपये ही मेहेरबानी वाटणार नाही.

आता कामगार विम्याविषयी, कारण तुमच्या घरापुरता हाच मुद्दा सर्वांत जड आहे आणि तुमच्या पत्रात त्याची काळजी दिसत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारेच राहू शकतात. ही मर्यादा तपासताना ओव्हरटाइम धरत नाहीत. म्हणून आज हातात २२,८०० येऊनही तुम्ही योजनेत आहात, कारण डबल ड्युटीचे पैसे वगळता तुमचे वेतन २०,१०० होते. इन्चार्ज भत्ता हा ओव्हरटाइम नव्हे. तो मिळताच तुमचे वेतन २२,१०० होईल, तुम्ही मर्यादेबाहेर जाल आणि आईची सोमवारीपेठेतल्या विमा रुग्णालयातली औषधे, तपासण्या आणि पुढे कधी डायलिसिसची वेळ आलीच तर तोही आधार जाईल. वेतनातून होणारी पाऊण टक्क्याची कपात वाचेल, पण ती आज पावणेदोनशे रुपयांच्या आतच आहे. किडनीच्या रुग्णाचा औषधखर्च महिन्याला किती येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. सातशे रुपयांच्या तोट्यापेक्षा हा तोटा किती तरी मोठा आहे आणि तो पगाराच्या चिठ्ठीवर कुठेच दिसणार नाही.

दुसरी न दिसणारी बाब कायद्यातली आहे. केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केलेल्या कामगार संहितांमध्ये ‘कामगार’ कोण, याच्या व्याख्येतून मुख्यतः व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे वगळलेले आहेत, तसेच पर्यवेक्षणाचे काम करून १८,००० रुपयांपेक्षा अधिक वेतन घेणारेही. पूर्वीच्या औद्योगिक विवाद कायद्यात ही मर्यादा १०,००० होती. वेतनाच्या व्याख्येतून घरभाडे भत्त्यासारख्या काही रकमा वगळल्या जात असल्यामुळे हा आकडा थेट चिठ्ठीवरच्या एकूण रकमेशी ताडून पाहता येत नाही. पण आशय असा की इन्चार्ज झाल्यावर तुम्ही या व्याख्येबाहेर जाऊ शकता, आणि तसे झाले तर जादा कामाचे दुप्पट दराने पैसे मागण्याचा किंवा नोकरीवरून कमी केल्यास कामगार म्हणून दाद मागण्याचा तुमचा मार्ग अरुंद होतो. येथे न्यायालये पदाचे नाव पाहत नाहीत, प्रत्यक्षातले मुख्य काम कोणते ते पाहतात. दिवसाचे सहा तास इंजेक्शने देणारी, ड्रेसिंग करणारी आणि उरलेल्या वेळात रजिस्टर भरणारी इन्चार्ज ही नावापुरतीच पर्यवेक्षक आहे, असे म्हणायला जागा असते. म्हणून पद घेतलेत तर ड्युटी लिस्टची आणि तुमच्या नावावर लावलेल्या रुग्णांची एक प्रत दर महिन्याला घरी ठेवत जा. जाता जाता हेही सांगतो की डबल ड्युटीचे ४५० रुपये हा दर आजही चुकीचा आहे. तुमचा केवळ मूळ पगार धरून २६ दिवसांनी भागले तरी दिवसाचे ५०० रुपये येतात, आणि दुप्पट म्हणजे १,०००.

तिसरी गोष्ट चार्ज घेण्याची. इन्चार्ज होणे म्हणजे क्रॅश कार्ट (आणीबाणीच्या औषध-उपकरणांची ट्रॉली), नार्कोटिकचे कपाट, सिरिंज पंप, पल्स ऑक्सिमीटर, थर्मामीटर, अगदी चादरी आणि उशांच्या खोळींपर्यंत सगळ्याचे धनी होणे. काही खासगी रुग्णालयांत ऑडिटच्या वेळी वस्तू कमी भरली की तिची किंमत इन्चार्जच्या पगारातून कापण्याची पद्धत आहे. कायदा अशी कपात सरसकट मान्य करत नाही. वस्तू त्या व्यक्तीच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेली असली पाहिजे, ती हरवणे थेट तिच्याच हलगर्जीपणामुळे घडलेले असले पाहिजे आणि कापण्यापूर्वी तिला म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे. पण पहिल्या दिवशी घाईघाईत जुन्या स्टॉक रजिस्टरखाली सही केलीत, तर ‘स्पष्टपणे ताब्यात दिली’ हा भाग तुम्हीच लिहून दिल्यासारखे होईल. तेव्हा जुन्या इन्चार्जसमोर एकेक वस्तू मोजा, बंद पडलेला पंप ‘बंद’ म्हणूनच लिहा, मॉर्फिन आणि फेंटानिलचे अँप्यूल नोंदीशी ताडा, जे कमी असेल ते लाल शाईने लिहून दोघींच्या सह्या घ्या, आणि मगच किल्ल्या हातात घ्या. याला अर्धा दिवस लागतो. तो मागून घ्या, आणि कोणी नाक मुरडले तर मुरडू द्या.

एवढे वाचून मी तुम्हाला नकार द्यायला सांगतो आहे असे वाटेल, तसे नाही. बारा वर्षांच्या रात्रपाळीनंतर रात्री घरी झोपायला मिळणे ही मोठी प्राप्ती आहे. नववीतल्या मुलाला संध्याकाळी आई घरात दिसणे, हेही पैशात मोजता येत नाही. शिवाय वॉर्ड चालवलेल्या परिचारिकेला पुढे संसर्ग नियंत्रण, गुणवत्ता विभाग किंवा सुपरिंटेंडेंटच्या पदासाठी दारे उघडतात, आणि दुसऱ्या रुग्णालयात मुलाखत देताना इन्चार्जपदाचा अनुभव कामी येतो. फक्त ही प्राप्ती तुम्ही आपल्या खिशातून विकत घेऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

म्हणून अटी घाला, आणि त्या तोंडी नकोत. ३,२०० रुपये भत्ता म्हणून घेण्याऐवजी मूळ पगारात मिळवायला सांगा. भत्ता उद्या पद काढून घेतले की जातो, मूळ पगार सहसा मागे घेता येत नाही. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, शेवटच्या पगारावर आणि संपूर्ण सेवेवर मोजतात. दर वर्षासाठी शेवटच्या मासिक पगाराचे २६ भाग करून त्यातले १५. तेव्हा आज वाढलेले ३,२०० तुमच्या झालेल्या बारा वर्षांनाही लागू होतात आणि तेवढ्यानेच उपदानात सुमारे २२,००० रुपयांची भर पडते. व्यवस्थापन भत्त्यावर अडून बसते ते याच कारणाने, हे लक्षात असू द्या. रक्कमही ३,२०० वर थांबवू नका. बुडणारे ३,९०० रुपये भरून निघतील आणि वर जबाबदारीचे काही उरेल, असा आकडा सांगायचा तर एकूण २६,००० च्या खाली बोलणे सुरू करू नये, असे माझे मत आहे. एवढ्यावर कामगार विमा जाणारच, तेव्हा आईसह कुटुंबाचा गटविमा, आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरणारा, रुग्णालयाच्या खर्चाने मागा. स्वतःच्याच रुग्णालयात कर्मचाऱ्याच्या आईला मोफत किंवा सवलतीत उपचार देणे तर त्यांना आणखी सोपे आहे. तुमची रिकामी जागा किती दिवसांत भरणार, हे पत्रात यावे. आणीबाणीत वॉर्डात उतरावे लागले तर त्या दिवसाची बदली सुटी मिळावी. आणि सहा महिन्यांत जमले नाही तर ज्येष्ठता व पगार न गमावता स्टाफ म्हणून परत येता येईल, ही ओळही असावी. यातले सगळे मिळणार नाही. मूळ पगार आणि आईचे उपचार या दोन्हींवर मात्र माघार घेऊ नका. ती नाकारली तर मी तुमच्या जागी स्टाफच राहीन आणि आधी डबल ड्युटीचा दर वाढवून मागेन.

मैत्रिणींचे काय, तर त्यावर फार विचार करू नका. ‘मॅडम’ म्हणण्यातली थट्टा पहिली ड्युटी लिस्ट लागेपर्यंतच टिकते. नाईट कोणाला कोणत्या क्रमाने लागते आणि सणाची सुटी मागच्या वर्षी कोणाला मिळाली होती, हे दोन तक्ते ड्युटी रूमच्या भिंतीवर सर्वांना दिसतील असे लावा आणि सर्वांत जवळच्या मैत्रिणीलाही त्यातून सूट देऊ नका. रुसवा तिथेच संपतो, किंवा निदान तो तुमच्याऐवजी तक्त्यावर निघतो.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण वय लिहिले आहे म्हणून सांगतो. एम्सच्या भरतीसाठी खुल्या गटाची वयोमर्यादा ३० आहे, तो मार्ग तुमच्यासाठी बंद झाला. राज्य शासनाच्या सरळसेवा भरतीत मात्र ती खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षे आहे, आणि अधिपरिचारिकेच्या पदाला जीएनएम चालते. तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही. खुला असेल तर तुमच्या हातात दोनच वर्षे आहेत. ३५,४०० च्या मूळ वेतनाची ही वाट खरोखर चालायची असेल तर या दोन वर्षांत अभ्यासाला वेळ देणारे काम कोणते, ठरलेल्या पाळीचे स्टाफचे की किल्ल्या घेऊन घरी येणारे इन्चार्जचे, याचाही विचार आजच करा. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडची तुमची नोंदणी नूतनीकरण केलेली आहे ना, तेही पाहून घ्या; जाहिरात आली की त्या धावपळीत हेच राहून जाते. कंत्राटी जागांच्या जाहिरातींना मात्र भुलू नका. त्यांत सरकारी रुग्णालयाचे नाव असते, वेतनश्रेणी नसते.

आणि होकार द्यायचाच ठरला तर तारखेकडे लक्ष द्या. कामगार विम्याचा अंशदान काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा सहा-सहा महिन्यांचा असतो. एकदा तो काळ सुरू झाला की मध्येच वेतन २१,००० च्या वर गेले तरी काळ संपेपर्यंत तुम्ही विम्यात राहता. १ एप्रिलपासून वाढलेला पगार घेतलात तर त्याच दिवशी बाहेर पडाल. १ मेपासून घेतलात तर ३० सप्टेंबरपर्यंत आईचे कार्ड चालू राहील आणि तेवढ्या अवधीत गटविम्याची कागदपत्रे पुरी करून घेता येतील. मॅट्रन मॅडमना अटींचे पत्र देताना रुजू होण्याची तारीख तुम्हीच लिहा आणि पोहोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.